आधी भेटून या, पण भेटायला येऊ नका

नकाराचा कागद बहुधा एका पानात आटोपतो. माझ्या मैत्रिणीच्या जोडीदाराला आलेला मी वाचला आहे. छापील कारणांची यादी, प्रत्येक कारणापुढे छोटा चौकोन, आणि एका चौकोनात फुली. फुलीपुढच्या वाक्याचा मतलब असा, की व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी तुम्ही देश सोडाल याबद्दल आम्हाला वाजवी शंका आहे. त्याने ते तिला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. मग कागद कॅमेऱ्यासमोर धरला, अक्षरं पुसट दिसतात म्हणून पुन्हा वाचलं. तिने विचारलं, “आणि आपल्याबद्दल काय लिहिलंय?” त्याने पान उलटून पाहिलं. मागे अपील कुठे करायचं ते होतं. या दोघांबद्दल एक अक्षर नव्हतं.

तिने सोळा पानांची फाइल जोडली होती. निमंत्रणपत्र, फोटो, चॅटचे निवडून काढलेले स्क्रीनशॉट, ती त्याच्याकडे जाऊन आली त्याचे बोर्डिंग पास. त्यातलं काहीच कुणाच्या डोळ्यांखालून गेलं नसावं असा तिचा समज झाला, आणि राग आला तो त्याचाच. मला वाटतं, फाइल वाचली गेली असावी, आणि वाचली म्हणूनच नकार आला असावा.

कारण पाहुण्यांच्या व्हिसाचा कायदा दोनच प्रकारच्या माणसांना ओळखतो. एक, चार दिवस फिरून घरी जाणारा पर्यटक. दुसरा, लग्नाचा दाखला घेऊन आलेला नवरा किंवा बायको. या दोघांच्या मधे जो काळ असतो, ज्यात माणसं एकमेकांना पारखतात, एकत्र राहून बघतात, भांडतात, थांबायचं की पुढे जायचं ते ठरवतात, त्या काळाला कायद्यात जागाच नाही. ही कुणा एका अधिकाऱ्याची चूक नाही. धोरणात ठेवलेलं भोक आहे, आणि ते बुजवता येण्यासारखं आहे.

कायद्याची सुरुवातच शंकेने होते. अमेरिकेच्या 1952 च्या इमिग्रेशन कायद्यात 214(बी) नावाचं कलम आहे. व्हिसा मागणारा परका माणूस कायमचा राहायलाच निघाला आहे असं त्यात आधी गृहीत धरलेलं असतं, आणि तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. आरोपी निर्दोष मानून खटला सुरू करण्याची रीत इथे उलटी चालते. पटवून द्यायला वकिलातीच्या खिडकीपाशी मिळतात दोन-चार मिनिटं. पुष्कळांची फाइल खिडकीच्या अलीकडेच राहते, कुणी मागतही नाही. युरोपच्या शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या देशांच्या गटात, किंवा कॅनडात पद्धत वेगळी, भर कागदपत्रांवर. पण प्रश्न तोच. परत जाल का?

परत जाण्याची खात्री मोजायची कशी? नोकरी, घर, मुलं, सांभाळायला असलेले आईवडील, खात्यावरची शिल्लक. माणसाला मायदेशी बांधून ठेवणारे हे पाश एका पारड्यात पडतात. ज्या देशात जायचं तिथे ओढणारं जे काही असेल ते दुसऱ्या पारड्यात. जोडीदार हा त्या दुसऱ्या पारड्यातला ऐवज. मैत्रिणीच्या निमंत्रणपत्रात एक वाक्य होतं: त्याच्याशिवाय आता राहवत नाही. ते वाचणाऱ्याला खोटं वाटलं असतं तर कदाचित व्हिसा मिळालाही असता. प्रेम सिद्ध करण्यासाठी जोडलेला प्रत्येक कागद तो परत जाणार नाही याचाच पुरावा ठरत गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग नातं लपवावं का? अनेकांच्या मनात हा विचार येतो, आणि सल्ला देणारेही भेटतात. फिरायला चाललोय म्हण, हॉटेलचं बुकिंग दाखव, कोण विचारतंय! हा सल्ला ऐकू नये. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कॅनडात पाच वर्षं दार बंद होतं, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत अर्ज फेटाळले जाऊ शकतात, आणि अमेरिकेत बंदी कायमची, ती उठवायची तर वेगळी माफी मागावी लागते. पुढे लग्न करून तिथेच राहायचा विचार असेल तर आजची थाप दहा वर्षांनी समोर उभी राहते. थोडक्यात, खरं बोललं तर नुकसान आणि खोटं बोललं तर सर्वनाश. ज्या व्यवस्थेत प्रामाणिक माणसापुढे हे दोनच पर्याय उरतात ती व्यवस्था नीट आखलेली नाही, असं म्हणायला फार मोठा कायदेपंडित लागत नाही.

याहून मोठी गंमत पुढे आहे. अमेरिकन नागरिकाला वाग्दत्त वधू किंवा वर परदेशातून आणायचा असेल तर के-1 नावाचा व्हिसा असतो. त्यासाठी अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेली असली पाहिजेत. 1986 मध्ये खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी ही अट आली. कडक रूढी किंवा टोकाची अडचण असेल तर सूट मिळते, एरवी नाही. ब्रिटनच्या जोडीदार-व्हिसालाही प्रत्यक्ष भेटीची अट आहे, ऑस्ट्रेलियाच्या वाग्दत्तांच्या व्हिसालाही. अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. न भेटता लग्न ठरवून देशांतर करू नका, हे सांगणारं सरकार शहाणंच म्हणायचं. पण तेच सरकार दुसऱ्या खिडकीवर म्हणतं, भेटायला येऊ नका. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

यावर ठरलेलं उत्तर असतं: मग तुम्ही जा ना तिकडे. उत्तर अगदीच चूक नाही. ज्याचा पासपोर्ट दमदार त्याने प्रवास करावा हा व्यवहार झाला, आणि अनेक जोडपी तेच करतात. पण सगळ्यांना ते जमतं असं कुणी ठरवलं? रजा मोजकी असते, घरात आजारी माणूस असतं, लहान मूल असतं, घटस्फोटानंतर ताब्याच्या अटी असतात. आणि समलिंगी जोडप्यांचं काय? जगात 60 हून अधिक देशांत असं नातं आजही गुन्हा आहे. त्यांतल्या एखाद्या देशात जोडीदार राहत असेल, तर ‘तुम्ही तिकडे जा’ याचा अर्थ दोघांना धोक्यात घाला असा होतो. तिथे लग्न होणं शक्य नाही, खोली घेऊन चार दिवस राहणं शक्य नाही, एकत्र फोटो काढून पुरावा जमवणं तर त्याहून नाही. म्हणजे ज्यांना दुसऱ्या देशातल्या भेटीची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच फाइलमध्ये सर्वांत कमी कागद. अधिकाऱ्याला ती फाइल कच्ची दिसते. दिसणारच.

सरकारची बाजूही मांडायला हवी, नाहीतर हे नुसतं रडगाणं होईल. देशात कुणाला येऊ द्यायचं हे ठरवण्याचा हक्क देशाला आहे, आणि आंतरराष्ट्रीय कायद्यालाही तो मान्य आहे. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं कलम 13 स्वतःचा धरून कुठलाही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क देतं. दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 1985 मध्ये सांगितलं, की लग्न झालेल्या जोडप्याने कुठे राहायचं ठरवलं, म्हणून त्या देशाने ते मानलंच पाहिजे असं नाही. (त्याच निकालात ब्रिटनला एक फटका बसला: पुरुषांना बायको आणणं सोपं आणि बायकांना नवरा आणणं कठीण, हा भेदभाव ठरला. ब्रिटनने तो भेदभाव मिटवला, पण कसा, तर पुरुषांचीही वाट तितकीच अवघड करून.) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये मुन्योझ खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी स्पष्ट केलं, की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क नागरिकाला नाही. तो खटला लग्नाच्या नवऱ्याबद्दल होता. लग्न न झालेल्यांनी कुठल्या तोंडाने हक्क मागावा?

आणि मुदतीनंतर मागे राहणारे लोक काल्पनिक नसतात. अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाच्या आकड्यांनुसार 2023 च्या आर्थिक वर्षात विमान किंवा बोटीने आलेल्या तात्पुरत्या पाहुण्यांपैकी 1.45 टक्के लोकांनी मुदत मोडली. आकडा लहान आहे, पण तेवढ्यावर ‘बघा, घाबरण्यासारखं काही नाही’ असं म्हणणं लबाडीचं ठरेल. कारण ज्यांच्याबद्दल शंका होती त्यांना आधीच गाळलेलं होतं. प्रेम हे परत न जाण्याचं कारण असू शकतं, हेही मी नाकारत नाही. असतंच. माणसं त्याच्यापायी याहून वेडे प्रकार करतात.

माझी तक्रार शंका घेण्याबद्दल नाही. शंकेचं उत्तर अंदाजाने दिलं जातं, आणि तो अंदाज बऱ्याचदा माणसाऐवजी पासपोर्टचा रंग बघून बांधला जातो, याबद्दल आहे. ब्रिटनच्या गृहखात्याने 2015 पासून व्हिसा-अर्जांची धोक्यानुसार वर्गवारी करणारी संगणकीय पद्धत वापरली. काही देशांचे नागरिक त्यात आपोआप जास्त संशयित ठरत. दोन संस्थांनी कोर्टात आव्हान दिल्यावर ऑगस्ट 2020 मध्ये खात्याने ती मागे घेतली. पाच वर्षं ज्यांचे अर्ज त्या चाळणीतून गेले त्यांना कागदावर काय लिहून मिळालं असेल? ‘तुमचा देश आमच्या यादीत होता’ असं नक्कीच नाही. मिळालं असेल ते तुमच्या हेतूबद्दल.

म्हणून पहिली मागणी साधी आहे: नकाराचं कारण लेखी मिळावं आणि ते तपासणारं दुसरं कुणी असावं. ही स्वप्नं नाहीत. शेंगेनच्या 2009 च्या व्हिसा संहितेत कारण कळवणं आणि अपिलाचा हक्क दोन्ही आहेत. मोरोक्कोच्या एका नागरिकाला पोलंडमध्ये जायचं होतं. बायको आणि मूल पोलिश. व्हिसा नाकारला, आणि पोलंडच्या कायद्यात त्याविरुद्ध कोर्टात जायची सोय नव्हती. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये ठरवलं, की कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर अशा नकाराला कोर्टात आव्हान देता आलंच पाहिजे. याच्या उलट ब्रिटन. नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांचा अपिलाचा पूर्ण हक्क तिथे जून 2013 मध्ये काढून घेतला गेला. युक्तिवाद असा, की नवीन अर्ज करणं अपिलापेक्षा लवकर होतं. होत असेलही. पण नवीन अर्जात पहिल्या अधिकाऱ्याची चूक कुणी दुरुस्त करत नाही. उलट पहिला नकार दुसऱ्या अर्जाच्या कपाळावर बसतो. अमेरिकेत तर अपील नाहीच. पुन्हा 185 डॉलर भरा, पुन्हा तारीख घ्या, पुन्हा तीच खिडकी.

दुसरी मागणी, जोडीदाराच्या भेटीला स्वतःचा वर्ग द्या. हे कसं करणार असं विचारणाऱ्यांनी 2020 चं वर्ष आठवावं. कोरोनाने सीमा बंद झाल्या, लग्न न झालेली जोडपी अडकली, आणि ‘लव्ह इज नॉट टुरिझम’ ही मोहीम उभी राहिली. डेन्मार्कने शेजारच्या देशांतल्या जोडीदारांना वाट मोकळी केली. आधी फोटो आणि मेसेज दाखवा अशी भाषा झाली. टीका झाल्यावर लेखी घोषणापत्र पुरे धरलं गेलं. जर्मनीने 10 ऑगस्टपासून निमंत्रण, दोघांच्या सहीचं पत्र आणि आधी भेटल्याचा पुरावा मागून प्रवेश दिला. ही सूट साथीच्या बंदीपुरती होती, व्हिसाची गरज तिने माफ केली नाही. पण ‘जोडीदार’ म्हणजे कोण हे ठरवता येत नाही, ही सबब तिने मोडीत काढली. जगबुडी आल्यासारख्या दिवसांत ज्या खात्यांना दोन पानी नमुना तयार करता आला, त्यांना एरवी का येऊ नये?

कॅनडाच्या कायद्यात एक छोटं कलम आहे, ते मला फार आवडतं. पुढेमागे कायमचं राहण्याची इच्छा असणं म्हणजे आज तात्पुरतं येण्यावर काट नाही, फक्त परवानगी संपली की माणूस निघेल एवढं अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. म्हणजे आज भेटायचं, वेळेत परतायचं आणि उद्या रीतसर अर्ज करायचा, हे तिन्ही एकाच माणसाच्या मनात असू शकतं हे कायद्याला ठाऊक आहे. तिथेही नकार भरपूर येतात, हा भाग वेगळा. पण निदान प्रश्न तरी बरोबर विचारला आहे.

परतण्याची हमी म्हणून आधी पैसे ठेवून घ्यायचे, त्या तारणाबद्दल माझं मत अजून डळमळतं. ऑस्ट्रेलियात नातेवाइकांनी बोलावलेल्या पाहुण्यांसाठी 5,000 ते 15,000 ऑस्ट्रेलियन डॉलर अनामत मागता येते. अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये काही देशांच्या नागरिकांसाठी 5,000 ते 15,000 अमेरिकन डॉलरच्या तारणाचा प्रयोग सुरू केला. माणूस वेळेत परतला की पैसे परत. अंदाजापेक्षा हमी बरी, हे तत्त्व पटतं. पण एवढी रक्कम महिनोन् महिने अडकवून ठेवू शकणारी जोडपी किती? गरिबाचं प्रेम जास्त पळपुटं असतं असं मानायचं का? बोलावणाऱ्या नागरिकाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात हमी घ्यावी आणि मोडली तर त्यालाही काही वर्षं कुणाला बोलावता येऊ नये. म्हणजे जबाबदारी ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच जाईल.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर कॉलच्या दोन टोकांना बसलेल्या दोघांनी काय करायचं?

आधी हे समजून घ्यायचं, की नकार दोघांना मिळाला तरी तो दोघांना सारखा लागत नाही. मैत्रीण चिडली. तिच्या आयुष्यात कुठल्याच दाराने तिला कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. चूक झाली असेल, मी पत्र लिहिते, खासदाराला गाठते, उद्याच पुन्हा अर्ज करू. तो गप्प होता. त्याला धक्का बसलेलाच नव्हता, फक्त लाज वाटत होती, आणि तिला ती दिसत नव्हती. कित्येक नात्यांत पहिला तडा नकाराने जात नाही, तो या गप्प बसण्याचा अर्थ चुकीचा लावल्याने जातो. ‘तुला यायचंच नव्हतं का’ हे वाक्य त्या आठवड्यात तिच्या तोंडून निघालं. ती ते आजही विसरलेली नाही, आणि तोही.

पुढे ती दोघं तिसऱ्या देशात भेटली, जिथे त्याला सहज प्रवेश होता. विमानतळावर ती स्वयंचलित दारातून पाच मिनिटांत बाहेर पडली. तो रांगेत. परतीचं तिकीट, हॉटेल, पैसे, कुणाला भेटायला आलात. काचेपलीकडे ती पाऊण तास सामान घेऊन उभी होती. तो बाहेर आला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: “तू माझ्या रांगेत का नाही थांबलीस?” तिला ते सुचलंच नव्हतं. पुढच्या वेळी ती थांबली. माझ्या मते त्यांच्या नात्यात वर्षभरात झालेली सर्वांत मोठी गोष्ट ती होती, आणि तिला कुठल्या वकिलाचा सल्ला लागला नाही.

बाकीचं सगळं व्यवहाराचं आहे आणि ते व्यवहारासारखंच करावं. तेच कागद लावून आठवड्यात दुसरा अर्ज टाकणं म्हणजे पैसे वाया; परिस्थितीत काय बदललं ते सांगता येईल तेव्हाच टाकावा. कॅनडासारख्या ठिकाणी अधिकाऱ्याच्या टिपणी मागवता येतात, त्या आधी मागवून वाचाव्यात. पत्रातल्या ठोकळेबाज वाक्यामागे नेमकं काय खटकलं ते तिथे कळतं. फी, तिकीट, तिसऱ्या देशातला खर्च कोण किती उचलणार हे मोकळेपणाने ठरवावं, कारण दोघांचा पगार बहुतेक वेळा सारखा नसतो आणि उपकाराची भावना हळूहळू चढते. आणि चिडून लग्न करू नये. ‘आता लग्नच करून टाकू, बघू कोण अडवतं’ हे ऐकायला शूर वाटतं. अडवणारे तिथेही बसलेले असतात: ब्रिटनमध्ये जोडीदाराला नव्याने आणायचं तर 2024 पासून वर्षाला 29,000 पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं, पूर्वी ते 18,600 होतं. ज्या नात्याला अजून एकत्र राहायला पुरते दोन महिने मिळालेले नाहीत त्याच्यावर व्हिसाच्या खिडकीने लग्नाची तारीख लादावी, यासारखी दुसरी उलटी गोष्ट नाही.

मैत्रिणीच्या जोडीदाराने दीड वर्षाने दुसरा अर्ज केला. त्यात प्रश्न होता: यापूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का? त्याने ‘हो’ लिहिलं, तारीख लिहिली, कारण लिहिलं, आणि मधल्या काळात मिळालेल्या कायम नोकरीचं पत्र आणि मंजूर रजेचं पत्र जोडलं. तिसऱ्या देशातून दोनदा वेळेत परतल्याचे शिक्के जोडले. तिचं निमंत्रणपत्र या वेळी एका पानाचं आहे. किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, कुठे राहील, खर्च कोण करेल, कामावर कधी रुजू व्हायचंय. त्यांचं नातं एका ओळीत आलंय: आम्ही साडेतीन वर्षं एकत्र आहोत. ‘एकत्र’ या शब्दावर ती बराच वेळ अडली होती, मग तसाच ठेवला. निकाल यायचा आहे.